पाचवा मुद्दा

ती घटना आठवायला मला जुन्या डायऱ्या चाळाव्या लागत नाहीत. घरात वडे तळायला घेतले की ती आपोआप डोळ्यांपुढं उभी राहते, आणि नाहीच राहिली तर आठवण करून द्यायला आमची मंडळी समर्थ आहे. तिचं माहेर वाईचं. तिच्यासमोर मी सव्वीस वर्षांत एकही खोटं नीट पार पाडू शकलेलो नाही. आरोपी मात्र माझ्यासमोर भराभरा कबूल होत, असं मी लोकांना सांगतो.

मी तेव्हा कराडहून इस्लामपूरकडं जाताना लागणाऱ्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. सगळे अजून तिथंच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

बुधवारी सकाळच्या टपालात एक निनावी अर्ज आला. दोन पानं, संगणकावर टाइप केलेली. खाली सही नाही, वर पत्ता नाही. असे अर्ज आमच्याकडं रतीब लावल्यासारखे येतात. बहुतेकांत शिव्या असतात, उरलेल्यांत शाप. हा वेगळा होता. मी उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि वाचता वाचता खुर्चीत बसलो.

आमच्या हद्दीतल्या एका गावची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदानी चाचणी पास, लेखी पास, यादीत नाव. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्या ठाण्यात आलेला होता आणि ‘प्रतिकूल काही नाही’ असं लिहून मी शनिवारपर्यंत तो सांगलीला अधीक्षक कार्यालयात पाठवायचा होता. तो गेला की ती प्रशिक्षणाला जाणार. नाही गेला, किंवा त्यात वाकडं काही लिहिलं गेलं, तर तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. इतकं सरळ.

आणि अर्ज म्हणत होता, की दोन महिन्यांपूर्वी त्या गावात जो ऊस जळाला, तो या मुलीनं पेटवला.

मुद्दे नंबर घालून लिहिलेले होते. एक : मुलीच्या वडिलांचा आणि ऊसमालकाचा बांधावरून वाद आहे. दोन : ती रोज पळायचा सराव करते तो कॅनॉलचा रस्ता त्याच उसाला लागून जातो, म्हणजे तिला तिथं बघून कुणाला संशय येणार नाही. तीन : आग भर दुपारी दोनच्या सुमारास, माणसं जेवायला गेल्यावर, कॅनॉलच्याच बाजूनं लागली. चार : त्या दिवसानंतर ही मुलगी आठवडाभर पळायलाच आली नाही, भरती तोंडावर आलेली असताना सराव कोण बंद ठेवतं? आणि पाच : ‘कोणी असे म्हणेल की सदर मुलगी त्या दिवशी सांगलीस गेली होती. ते क्षणभर मान्य केले, तरी सकाळी गेलेला माणूस दुपारी दोनपर्यंत सहज परत येऊ शकतो. सबब हा बचाव टिकत नाही.’

मी खूश झालो. माझ्या स्वतःच्या अहवालांवर वरिष्ठांनी इतक्यांदा लाल शाई ओतलेली होती, की मुद्देसूद लिखाण दिसलं की मला गहिवरून येई. हजेरीच्या वेळी मी सगळ्या ठाण्यापुढं तो अर्ज मोठ्यानं वाचला.

“याला म्हणतात लिहिणं,” मी म्हणालो. “पाचवा मुद्दा बघा. समोरचा काय म्हणेल ते याने आधीच मांडलंय आणि खोडूनही टाकलंय. तुमच्या अहवालात असं कधी दिसतं का?”

सगळे जमिनीकडं बघत होते. ठाण्याचे कागद सांभाळणारा हवालदार, ज्याला आम्ही रायटर म्हणतो, तो तेवढा माझ्याकडं बघत होता.

“सायेब, खाली सही न्हाई.”

“सही नसली म्हणून मुद्दे खोटे होतात का?”

“तसं न्हाई. पर एवडं सगळं लिवणाऱ्याला सोताचं नाव तेवडं लिवता आलं न्हाई, ह्याचं नवल वाटतंय.”

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि समासात हिरव्या शाईनं शेरा मारला : ‘अर्जातील मुद्दे तर्कशुद्ध वाटतात. सखोल चौकशी व्हावी.’ खाली झोकदार सही. तो शेरा त्या फायलीत अजून आहे. मला कधीकधी वाटतं, निवृत्तीच्या वेळी मला घड्याळाऐवजी ते पान फाडून भेट द्यायला हवं होतं.

दुपारी गावात गेलो. ज्याचा ऊस जळाला तो शेतकरी मला बघून वैतागला. आमच्याकडं जळक्या उसाला कारखाना तोड आधी देतो. थोडी कपात होते, पण शेत लवकर मोकळं होतं. त्यामुळं ऊस कसा पेटला या विषयात इथं कुणी फार खोलात शिरत नाही. मालक तर मुळीच नाही.

“सायेब, ऊस जळला, टोळी आली, तोडला, गेला. आता तिथं खोडवा आलाय गुडघ्याएवडा. तुमी आता कशाला उकरताय?”

“बांधावरून तुमचा आणि त्या मुलीच्या वडिलांचा वाद आहे ना?”

“वाद कुणाचा न्हाई? माजा तर सख्ख्या भावासंगट हाय. त्यो काय ऊस पेटवतोय व्हय?”

परत येताना दूध डेअरीपुढं अप्पा भेटले. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, आपणही तेच म्हणू. साठीला आलेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. शाळेत असताना वादविवाद स्पर्धेत ढाल जिंकलेली, ती अजून त्यांच्या सोप्यात टांगलेली आहे. ग्रामसभा असो, मयताला जमलेली माणसं असोत, अप्पा बोलायला लागले की बाकीचे ऐकायचे. आमच्या शांतता समितीतही ते होते. माझ्या कानावर त्यांचं बोलणं अनेकदा पडलं होतं आणि खरं सांगायचं तर मला आवडायचं.

“आवं साहेब, निनावी अर्ज म्हणं आलाय,” अप्पा म्हणाले. “आता निनावी अर्जाला किंमत देऊ नये, हे मला मान्य आहे. पोरगी आमच्या डोळ्यांपुढं वाढली, हेही खरं. पण उद्या ती वर्दी घालणार. तवा चौकशी नको म्हणणं म्हंजे तिच्यावरच अन्याय नव्हं का?”

मी मान डोलावली. किती समतोल माणूस, असं मनात आलं.

मुलीचा जबाब तिच्या घरीच घेतला. सोबत महिला अंमलदार होती. वडील सैन्यातून निवृत्त झालेले, गावात त्यांना फौजी म्हणत. ताठ बसलेले. म्हणाले, “पूछिये साहब. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई.”

मुलगी उंच, काटक. हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

“ऊस जळाला त्या दिवशी दुपारी तू कुठं होतीस?”

“घरातच.”

“आणि मग आठवडाभर पळायला का गेली नाहीस?”

“असंच.”

“असंच म्हणजे?”

“कटाळा आलावता.”

तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मला येते : खोटं ओळखणं. मुलगी खोटं बोलत होती. भरती तोंडावर आलेली असताना तिला कंटाळा येणार नाही, आणि ‘घरातच’ म्हणताना तिनं वडिलांकडं चोरून पाहिलं होतं. फौजी मात्र समोरच्या भिंतीकडं बघत होते, पोरीवर पूर्ण भरवसा ठेवून.

मी जीपमध्ये बसलो आणि हिशेब जुळवला. मुलगी खोटं बोलते आहे, म्हणजे तिनंच केलं. आज मी नवीन अधिकाऱ्यांना सांगतो, की माणूस खोटं बोलतो आहे एवढंच कळलं तर निम्मंच कळलं. कशासाठी बोलतो आहे, हे उरलेलं निम्मं. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तो अर्ज इतका छान लिहिलेला होता, की माझ्या वतीनं विचार करायचं काम मी त्याच्यावर सोपवून टाकलं होतं. पाचवा मुद्दा तर आता लागणारच नव्हता. मुलगी स्वतःच म्हणत होती, घरी होते. सांगलीचं नावसुद्धा नव्हतं. अर्जदारानं जरा जास्तीची खबरदारी घेतली, असं मला वाटलं आणि त्याचं कौतुकच वाटलं.

गुरुवारी सकाळी मी प्रतिकूल अहवालाचा कच्चा मसुदा केला. हात चालेना. तिच्याविरुद्ध एक साक्षीदार नाही, एक पुरावा नाही. आणि तरीही डोक्यात सगळं चपखल बसत होतं. अशा वेळी मी चौकात जाऊन दोन वडे खातो. म्हणजे खात असे. त्याआधी महिनाभर डॉक्टरांनी मला तळकट बंद केलं होतं आणि मंडळींनी त्या हुकमाची अंमलबजावणी स्वतःकडं घेतली होती. निवृत्तीनंतर मी वड्याला हात लावलेला नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

जेवायला क्वार्टरवर गेलो. ही पोळ्या लाटत होती. मी बूट काढता काढता म्हणालो, “आज मी चौकातून नाही आलो. कॅनॉलच्या रस्त्यानं आलो.”

लाटणं थांबलं नाही. “मी विचारलं का, कुठून आलात?”

“नाही, आपलं सांगितलं. आणि शर्टावर डाग दिसेल तो चहाचा आहे.”

आता तिनं मान वर केली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कुठं आहे डाग?”

मी बघितलं. डाग नव्हताच.

“मी अजून आरोपही केला नाही,” ती म्हणाली, “आणि तुमचा बचाव संपलासुद्धा. किती खाल्ले? दोन?”

मी एक बूट पायात आणि एक हातात, असा उभा राहिलो. दोनच होते. पण मला वडे दिसत नव्हते. मला तो पाचवा मुद्दा दिसत होता.

कोणी असे म्हणेल की सदर मुलगी सांगलीस गेली होती. कोण म्हणेल? कोणीच म्हटलं नव्हतं! मुलीनं नाही, फौजींनी नाही, मालकानं नाही. मला डागाची भीती होती म्हणून मी डागाबद्दल बोललो. अर्जदाराला सांगलीची भीती होती. आणि डाग नसला तरी वडे खरे होते, तशी ती सांगलीची फेरीही खरी असणार.

“अहो, जेवून तरी जा,” ती मागून ओरडली. पण मी निघालो होतो. तशीही भूक नव्हती.

महिला अंमलदाराला घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. फौजींना म्हटलं, “जरा चहाचं बघता का?” ते आत गेल्यावर मुलीला हळूच विचारलं, “सांगलीला कशाला गेली होतीस?”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “तुमाला कुणी सांगितलं?”

“अर्जानं.”

ती रडायला लागली, आवाज न करता. दोन दिवस आधी पळताना तिचा गुडघा दुखावला होता. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी सराव बंद केला असता. भरतीवाल्यांना कळलं तर वैद्यकीय तपासणीत बाद करतील, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून ऊस जळाला त्या दिवशी वडील दिवसभर बाहेर असताना ती गुपचूप सांगलीला जाऊन गुडघ्याचा फोटो काढून आली. डॉक्टर म्हणाले, हाडाला काही नाही, स्नायू ताणलाय, आठवडाभर पळू नको.

“अगं, मग हे काल का सांगितलं नाहीस? तुझ्यावर आग लावल्याचा आळ येतोय!”

“आळ खोटा हाय, त्यो कवातरी सुटंल. गुडगा खरा हाय साहेब. त्यानं नोकरी गेली असती.”

मी थक्क झालो. एकोणीस-वीस वर्षांची पोर, आणि तिनं मांडलेलं ते गणित अर्जातल्या पाचही मुद्द्यांपेक्षा सरस होतं. फक्त चुकीच्या माणसावर विसंबलेलं होतं, म्हणजे माझ्यावर.

“फोटो कुठाय?”

“मैत्रिणीच्या ट्रंकंत. घरी ठेवला आसता तर आबांना घावला आसता.”

“बरोबर कोण होतं?”

“तीच. आमी दोघीच गेलतो. दुसऱ्या कुणालाच म्हाईत न्हाई.”

“मैत्रीण कुणाची मुलगी?”

“अप्पांची.”

ठाण्यात येऊन रायटरला प्रतीक्षा यादी काढायला सांगितली. तो यादी घेऊन आला आणि एका नावावर बोट ठेवून उभा राहिला. पहिलंच नाव. अप्पांची मुलगी.

“सायेब,” तो म्हणाला, “शेरा खोडू का?”

“राहू दे,” मी म्हणालो. “आता तो इतिहास झाला.”

शुक्रवारी सकाळी एक अंमलदार सांगलीला पाठवला. दवाखान्याच्या रजिस्टरात मुलीचं नाव होतं, दुपारी पावणेदोनची वेळ होती. ऊस पेटला तेव्हा तिचा गुडघा सांगलीत यंत्राखाली होता. मुलगी सुटली. पण अर्ज कुणी लिहिला याला पुरावा नव्हता. अप्पांना घरून माहिती कळली असेल, एवढाच अंदाज. संगणकाच्या अक्षराला हात नसतो, आणि अप्पांना थेट विचारलं असतं तर त्यांनी मला अर्ध्या तासात पटवून दिलं असतं, की तो अर्ज मीच लिहिलाय.

म्हणून मी विचारलं नाही. दुपारी त्यांना चहाला बोलावलं.

“अप्पा,” मी म्हणालो, “तुमच्यासारखा मुद्द्याचा माणूस हद्दीत दुसरा नाही. हा अर्ज वाचतो. कसा वाटतो सांगा. मला अहवाल लिहायचाय.”

अप्पा खुर्चीत सावरून बसले. मी वाचला. पहिले चार मुद्दे सावकाश, हेल काढून. अप्पांची मान प्रत्येक मुद्द्याला किंचित हलत होती. चौथा संपल्यावर मी कागद उलटा टेबलावर ठेवला.

“तसं बरं लिहिलंय,” मी म्हणालो. “पण कच्चं आहे.”

“कच्चं?”

“अगदीच. मुलगी उद्या म्हणाली, मी त्या दिवशी सांगलीला होते, तर याचा सगळा डोलारा बसला की खाली! लिहिणाऱ्याला एवढं सुचायला नको? अर्धवट डोक्याचा दिसतोय.”

अप्पांचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. चेहरा लाल झाला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना मुलगी, नोकरी, यादी, काही आठवत नव्हतं. फक्त ती सोप्यातली ढाल आठवत असावी.

“असं कसं बसंल? पाचव्या मुद्द्यात लिवलंय की! सकाळी गेलेला माणूस दोनपर्यंत—”

आणि मग ते थांबले.

दारातला रायटर छताकडं बघू लागला. मी कागद सरळ केला आणि अप्पांपुढं सरकवला. “पाचवा मुद्दा मी वाचलाच नव्हता, अप्पा.”

बाहेर वायरलेस खरखरत होता. मग अप्पांनी घसा साफ केला. “साहेब, तुमचं म्हणणं मला मान्य आहे,” ते म्हणाले. सवयीनं पुढं म्हणाले, “पण…”

मी वाट बघत राहिलो. पुढं काही आलं नाही. त्या माणसाचा ‘पण’ रिकामा राहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी दोन गुणांनी मागं राहिली होती. बोलता बोलता घरात मैत्रिणीच्या सांगलीच्या फेरीबद्दल बोलून गेली. त्यांनी ऊस, बांध, कॅनॉल सगळं जुळवलं. सांगलीची गोष्ट मात्र त्यांना टोचत राहिली. न लिहिता भागलं असतं, पण उत्तर न देता मुद्दा सोडायचा, हे त्यांच्या हाताला जमलं नाही.

जबाब चालू असतानाच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात क्ष-किरण फोटोचं मोठं पाकीट. दवाखान्यात पोलीस येऊन गेल्याचं तिला मैत्रिणीकडून कळलं होतं. तिनं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, मग वडील दिसले, समोरचा कागद दिसला. हुशार पोरगी, तिला समजवावं लागलं नाही.

“अप्पा, माजा नंबर मी पळून आणला असता की,” ती म्हणाली. “तुमी कशाला लिवून आणाय गेला?”

दोन वाक्यांत, एकही नंबर न घालता, पोरीनं अप्पांचा वाद संपवला होता.

अर्ज खोटा असल्याचा अहवाल अप्पांच्या जबाबासह मी वरिष्ठांकडं पाठवला. पुढची कारवाई त्यांनी नियमाप्रमाणं केली आणि शांतता समितीतून अप्पांचं नाव कमी झालं. त्या मुलीचा कागद शनिवारी सकाळी दहाला सांगलीत पोचला, ‘प्रतिकूल काही नाही’ या शेऱ्यासह. गुडघ्याबद्दल वैद्यकीय तपासणीत कुणी चकार शब्द काढला नाही. फौजींना सगळं कळल्यावर ते पोरीला एवढंच म्हणाले, “जखम लपवायची नसती. फौजेत ह्याला गुन्हा म्हणत्यात.” पुढच्या भरतीत मैत्रीणही लागली. दोघी मिळून मला पेढे द्यायला आल्या तेव्हा रायटरनं त्यांना तो हिरवा शेरा दाखवला. मी मना करायच्या आत.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, कागद वाचताना तो काय सिद्ध करतोय ते बघाच, पण तो कुणाशी भांडतोय तेही बघा. ज्याच्या मनात काही नसतं तो विचारलं तेवढं सांगतो, कधी त्याहूनही कमी सांगतो, आणि आपल्याला त्याचा राग येतो. ज्याला भीती असते तो आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खिशात घेऊन हिंडतो. मुद्देसूद बोलणाऱ्याचं ऐकावं, जरूर ऐकावं. फक्त त्याच्या बोलण्यानं आपल्याला फार बरं वाटायला लागलं, की उठून एक चक्कर मारून यावं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वहीत नीट उतरवलं आणि मंडळींना वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. दोनदा हसली. वही मिटून माझ्या हातात दिली.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “फक्त मध्ये ते एक वाक्य आहे ना, निवृत्तीनंतर मी वड्याला हात लावलेला नाही, म्हणून. ते कुणी विचारलं होतं?”